जंताची गोळी : कोणती चांगली, कोणाला द्यायची आणि गोळीनंतर काय?

दर वर्षी फेब्रुवारी आणि ऑगस्ट महिन्यात आपल्या लेकरांना शाळेत आणि अंगणवाडीत एक गोळी चावून खायला देतात. त्या दिवसाला राष्ट्रीय जंतनाशक दिन म्हणतात. १० फेब्रुवारी २०१५ पासून ही मोहीम देशात सुरू आहे. १ ते १९ वर्षांच्या सगळ्या मुला-मुलींसाठी ती आहे आणि गोळी फुकट मिळते.

लोणार तालुक्यातल्या बीबी आणि आसपासच्या वस्त्यांमध्ये आम्ही विहारात आयाबायांची बैठक घेतो, तेव्हा या गोळीबद्दल चार प्रश्न हमखास येतात. सरकारी गोळी हलकी असते का, दुकानातलं सायरप जास्त चांगलं का? गोळी खाल्ल्यावर लेकराचं पोट दुखतं, मग द्यायची कशाला? मागच्या वर्षी दिली होती, परत का? आणि गोळ्या देऊनही लेकरू पांढरंफटक का दिसतं?

प्रश्न चारही बरोबर आहेत. सांगतात म्हणून खाऊन टाका, असं उत्तर आम्ही देत नाही. आपल्या लेकराच्या पोटात जाणारं औषध काय आहे, हे विचारायचा आईबापाला हक्क आहे. म्हणून यावेळी आरोग्याच्या पानावर ही सगळी माहिती सविस्तर देत आहोत.

सगळे जंत सारखे नसतात

औषधांची तुलना करायची तर आधी जंत ओळखायला हवेत. मातीतून येणारे मुख्य जंत तीन.

पहिला गोल जंत. हा लांब, गांडुळासारखा, वीतभर किंवा त्याहून मोठा. शौचातून पडतो तो बहुधा हाच. याची एक मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते. अंडी शौचातून मातीत जातात, मातीत दोन-तीन आठवडे पिकतात आणि मग न धुतलेल्या हातावाटे, भाजीवाटे तोंडात येतात. मातीत ही अंडी वर्षानुवर्षं टिकू शकतात.

दुसरा अंकुशकृमी, म्हणजे आकड्याच्या तोंडाचा जंत. हा जेमतेम एक सेंटिमीटरचा. डोळ्याला सहसा दिसत नाही, पण तिघांत सगळ्यात घातक हाच. आतड्याला चावा घेऊन तो रक्त पितो. एक जंत दिवसाला थेंबभर किंवा त्याहून कमी रक्त घेतो, पण पोटात असे शंभर-दोनशे असले आणि ते वर्षभर राहिले तर हिशेब तुम्हीच करा. हा तोंडावाटे कमी आणि पायातून जास्त शिरतो. ओल्या मातीत याची अळी असते. अनवाणी पाय पडला की ती कातडीतून आत जाते, रक्तातून फुप्फुसात, तिथून घशात आणि गिळली गेली की आतड्यात. परसाकडे अनवाणी जाणारं पोर आणि वावरात अनवाणी काम करणारी आई या दोघांनाही धोका सारखाच.

तिसरा चाबूककृमी. हा तीन ते पाच सेंटिमीटरचा, मोठ्या आतड्यात बसतो. फार झाले तर शौचातून आव-रक्त पडतं आणि मुलाची वाढ खुंटते.

याशिवाय रात्री शौचाच्या जागी खाज आणणारे पांढरे, सुतासारखे बारीक जंत असतात. ते मातीतून येत नाहीत. नखं, अंथरूण, कपडे यांतून घरातल्या घरात पसरतात.

दात खाणं, झोपेत लाळ गळणं, गोड आवडणं या गोष्टींवरून जंत आहेत की नाही हे ठरत नाही. गोड खाल्ल्याने जंत होतात हेही खरं नाही. खात्री करायची तर शौचाची तपासणी करावी लागते. सूक्ष्मदर्शकाखाली जंताची अंडी दिसतात. सुतासारख्या जंताची अंडी मात्र शौचात सहसा सापडत नाहीत. ते जंत रात्री शौचाच्या जागी पाहिले तर दिसतात.

कोणतं औषध कोणत्या जंतावर?

आता औषधांकडे येऊ. दवाखान्यात आणि दुकानात तीन नावं जास्त ऐकू येतात : अल्बेंडाझोल, मेबेंडाझोल आणि पायरँटेल. पहिली दोन एकाच कुळातली आहेत. ती जंताला साखर शोषू देत नाहीत, म्हणून जंत उपासमारीने मरतो. पायरँटेल जंताला लुळं करतं, मग आतडं त्याला बाहेर ढकलतं.

या औषधांची एक-एक मात्रा देऊन किती लोकांचे जंत पूर्ण गेले, याच्या जगभरातल्या चाचण्या एकत्र करून स्वित्झर्लंडमधल्या दोन शास्त्रज्ञांनी २००८ साली हिशेब मांडला. त्यातले आकडे असे :

गोल जंत : अल्बेंडाझोलने १०० पैकी ८८ बरे झाले, मेबेंडाझोलने ९५, पायरँटेलने ८८.

अंकुशकृमी : अल्बेंडाझोलने १०० पैकी ७२, पायरँटेलने ३१, मेबेंडाझोलने फक्त १५.

चाबूककृमी : अल्बेंडाझोलने १०० पैकी २८, मेबेंडाझोलने ३६.

हे आकडे नीट वाचले तर गोष्ट लक्षात येते. गोल जंतासाठी तिन्ही औषधं चांगली आहेत. खरा फरक रक्त पिणाऱ्या अंकुशकृमीत पडतो. तिथे एका मात्रेत काम करायचं तर अल्बेंडाझोल बाकीच्यांच्या बरंच पुढे आहे. चाबूककृमीवर मात्र एका गोळीत कोणतंच औषध पुरेसं पडत नाही. २०१७ साली नवीन चाचण्या धरून हा हिशेब पुन्हा केला गेला. आकडे थोडे बदलले, पण अल्बेंडाझोल आणि मेबेंडाझोल यांच्यातला हा फरक तसाच राहिला.

शाळेत मिळते ती गोळी म्हणजे ४०० मिलिग्रॅम अल्बेंडाझोल. जागतिक आरोग्य संघटना शाळकरी मुलांच्या मोहिमेसाठी ४०० मिलिग्रॅम अल्बेंडाझोल किंवा ५०० मिलिग्रॅम मेबेंडाझोल सुचवते, त्यातलं अल्बेंडाझोल आपल्याकडे निवडलं आहे. म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. सरकारी गोळी हलकी नाही. दुकानात महाग डब्यात मिळणाऱ्या सायरपच्या बाटलीवर बारीक अक्षरात वाचा, बहुतेक वेळा तिथेही अल्बेंडाझोलच लिहिलेलं असतं. गोड चव आणि रंगीत डबा यांचे पैसे आपण वेगळे देतो.

मेबेंडाझोल वाईट आहे असा याचा अर्थ नाही. डॉक्टर ते १०० मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ असं तीन दिवस देतात. अंकुशकृमीवर हा तीन दिवसांचा कोर्स एका मात्रेपेक्षा बराच जास्त चालतो. पण शाळेत लाखो मुलांना तीन दिवस दोन-दोन वेळा गोळी देणं जमणारं नाही, म्हणून मोहिमेला एका मात्रेत काम करणारं औषध लागतं. चिठ्ठीवर तीन दिवस लिहिले असतील तर तीनही दिवस द्या. पहिल्या दिवशी बरं वाटलं म्हणून उरलेल्या गोळ्या शेजारच्या पोराला देऊ नका.

चाबूककृमीसाठी अल्बेंडाझोलच्या जोडीला आयव्हरमेक्टिन दिलं तर निकाल चांगला येतो असं चाचण्यांत दिसलं. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत मातीतून येणाऱ्या जंतांसाठी आयव्हरमेक्टिन घेतलं. कोरोनाच्या काळात हे नाव बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. पण ते मनाने दुकानातून आणून देऊ नका. १५ किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलाला ते देत नाहीत.

सुतासारख्या जंतांसाठी अल्बेंडाझोल, मेबेंडाझोल, पायरँटेल ही तिन्ही चालतात. पण घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी घ्यावं लागतं आणि दोन आठवड्यांनी पुन्हा. औषध जंत मारतं, अंडी मारत नाही, म्हणून दुसरी मात्रा हवी. त्याच दिवशी अंथरूण-पांघरूण गरम पाण्यात धुवा आणि नखं काढा.

वावडिंगाबद्दलही विचारतात. आयुर्वेदात त्याचं नाव जुनं आहे. पण आपण वर पाहिला तसा, शेकडो मुलांवर मोजलेला हिशेब अल्बेंडाझोलच्या मागे आहे. वावडिंग दिलं म्हणून शाळेतली गोळी चुकवू नका.

गोळी खाल्ल्यावर पोट दुखलं तर?

काही मुलांना गोळीनंतर पोटात दुखतं, मळमळतं, एखादी उलटी किंवा जुलाब होतो, थकल्यासारखं वाटतं. ज्याच्या पोटात जंत जास्त त्याला हा त्रास जास्त होऊ शकतो. साधारणपणे तो थोड्या वेळात आपोआप थांबतो. मुलाला सावलीत झोपवा, पाणी पाजा. उलट्या थांबत नसतील, अंगावर गांधी उठल्या किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर वाट न बघता सरकारी दवाखान्यात न्या, १०८ वर फोन करा.

दुसरा धोका गोळीतल्या औषधाचा नाही, गोळी घशात अडकण्याचा आहे. म्हणून १ ते २ वर्षांच्या बाळाला अर्धी गोळी, म्हणजे २०० मिलिग्रॅम, चुरा करून पाण्यात द्यायची. २ ते ३ वर्षांच्या मुलाला पूर्ण गोळी, पण चुरा करूनच. त्याहून मोठ्यांनी चावून खायची, अखंड गिळायची नाही. रडणाऱ्या पोराचं नाक दाबून, जबरदस्तीने गोळी कधीच कोंबू नका.

काही मुलांच्या बाबतीत आधी सांगणं फार महत्त्वाचं आहे. मुलाला ताप असेल, आजारी असेल तर त्या दिवशी गोळी नको, बरं झाल्यावर द्या. मुलाला कधीही झटके, फिट येत असतील तर शिक्षकांना आणि नर्सताईंना आधी सांगा. डुकराच्या पट्टकृमीची गाठ मेंदूत असेल तर अल्बेंडाझोलमुळे झटका येऊ शकतो, म्हणून तिथे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच औषध द्यावं लागतं. ही गाठ फक्त डुकराचं मटण खाणाऱ्यालाच होते असा समज आहे, तो चुकीचा आहे. पट्टकृमी असलेल्या माणसाच्या शौचातली अंडी अन्नपाण्यातून कोणाच्याही पोटात जाऊ शकतात.

गरोदर बाईने पहिल्या तीन महिन्यांत ही गोळी घ्यायची नाही. त्यानंतर तपासणीला जाल तेव्हा विचारून घ्या.

एकदा दिली होती, परत का?

गोळी पोटातले जंत मारते. ती लस नाही. उद्या पुन्हा अनवाणी पाय ओल्या मातीत पडला की नवा जंत आत येऊ शकतो.

हे किती लवकर होतं? २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जगभरातल्या नोंदी तपासल्या. औषध दिल्यानंतर सहा महिन्यांत गोल जंताचं प्रमाण औषधाआधीच्या प्रमाणाच्या ६८ टक्क्यांवर परत आलं होतं आणि वर्षभरात ९४ टक्क्यांवर. म्हणजे वर्षाने गाव जवळजवळ होतं तिथेच. अंकुशकृमी जरा हळू परततो, वर्षभरात ५७ टक्के. म्हणून फेब्रुवारीची गोळी घेतली तरी ऑगस्टची चुकवायची नाही.

आणि इथेच आपल्या वस्त्यांचा खरा प्रश्न येतो. फेब्रुवारीत आपली कितीतरी घरं गावात नसतात. ऊसतोडीला, वीटभट्टीवर गेलेली असतात आणि लेकरं बरोबर असतात. फडावरच्या झोपडीला संडास नसतो, पाण्याची सोय नसते, लेकरू दिवसभर अनवाणी मातीत. ज्याला गोळीची सगळ्यात जास्त गरज, त्याचीच गोळी चुकते. म्हणून बाहेरगावी असाल तर तिथल्या जवळच्या अंगणवाडीत किंवा शाळेत जाऊन गोळी मागा. गावचं रेशनकार्ड, शाळेचा दाखला असं काही लागत नाही. शाळेत न जाणाऱ्या मुलांना अंगणवाडीत गोळी देण्याची तरतूद मोहिमेतच आहे. मुख्य दिवस चुकला तर काही दिवसांनी राहिलेल्या मुलांसाठी आणखी एक दिवस असतो, तो आशाताईंना विचारा. गावी परत आलात की दवाखान्यात जाऊन गोळी घ्या.

गोळी शिक्षकांच्या किंवा अंगणवाडी ताईंच्या समोर खाऊ घालायची असते. घरी द्यायची नसते. एका शाळेत मुलांच्या हातात गोळ्या देऊन घरी पाठवल्याचं आम्ही पाहिलं आहे. वहीत सगळ्यांची नावं भरली होती आणि गोळ्या दप्तरात होत्या. असं दिसलं तर शाळा व्यवस्थापन समितीत विचारा. भांडू नका, पण विचारा.

लेकरू तरीही पांढरं का?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षांची ६८.९ टक्के मुलं आणि १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायका रक्त कमी असलेल्या निघाल्या. हे सगळं जंतांमुळे नाही. ताटात डाळ, पालेभाजी, अंडी, मटण कमी असणं, वारंवार ताप-जुलाब होणं, मुलींची पाळी, लवकर लग्न, आणि काही घरांत सिकलसेल, अशी कारणं अनेक आहेत. जंत त्यातलं एक.

म्हणून नुसत्या गोळीकडून चमत्काराची अपेक्षा धरू नका. उत्तर प्रदेशात सुमारे दहा लाख लहान मुलांना पाच वर्षं दर सहा महिन्यांनी अल्बेंडाझोल देऊन पाहिलं. २०१३ साली निकाल आला. मुलांच्या वजनात आणि मृत्यूच्या प्रमाणात ठळक फरक दिसला नाही. त्या भागात जंतांचं प्रमाण कमीच होतं, हेही खरं. सरसकट सगळ्यांना गोळी दिल्याने अभ्यासात, वाढीत किती फायदा होतो यावर शास्त्रज्ञांमध्ये आजही वाद आहे. पण पोटात जंत असलेल्या मुलाला औषध द्यायलाच हवं, याबद्दल वाद नाही. कोणाच्या पोटात आहेत हे घरोघर तपासणं अवघड, गोळी स्वस्त आणि सुरक्षित, म्हणून ती सगळ्यांना देतात.

लेकरू माती किंवा भिंतीचे पोपडे खात असेल, जिना चढताना धापत असेल, डोळ्याच्या आतली कड पांढरी असेल तर रक्त तपासून घ्या. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची गोळी, लहानांना गुलाबी आणि मोठ्यांना निळी, चुकवू नका. ती जेवणानंतर घ्यायची. शौच काळं होतं, घाबरू नका.

मठ्ठ म्हणू नका

शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत गरीब लोकांना आळशी, मंद म्हणून हिणवायचे. १९०९ साली रॉकफेलर यांच्या देणगीतून एक आयोग नेमला गेला आणि ११ राज्यांत तपासणी झाली. सुमारे ४० टक्के शाळकरी मुलांच्या पोटात अंकुशकृमी निघाला. ज्याला आळस म्हणत होते ते अंगातलं रक्त संपलेलं होतं. तेव्हाचं औषध थायमॉल, त्याच्या जोडीला जुलाबाचं मीठ. ते घेणं जिवावरचं काम होतं. तरी औषधाबरोबर त्यांनी घरोघर संडास बांधायला लावले, शाळांना संडास दिले.

आपल्या वस्तीतलं पोर वर्गात मागच्या बाकावर डुलक्या घेत असेल तर त्याला मठ्ठ म्हणणारे बरेच भेटतील. निदान आपण म्हणू नये. आधी त्याचं रक्त तपासा, पोट तपासा, पायात चप्पल आहे का बघा.

आणि वस्ती कुठे आहे तेही बघा. गावाची नाली कितीतरी ठिकाणी आपल्याच वस्तीच्या तोंडाशी येऊन थांबते आणि संडास असला तरी त्यात टाकायला पाणी नसतं. गोळी दोन मिनिटांत खाऊन होते, नाली मागावी लागते. २०२१ ते २०२६ या काळासाठी पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींना दिलेल्या निधीतला मोठा हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठीच राखून ठेवला आहे. ग्रामसभेत बसून विचारा, त्यातलं आपल्या वस्तीच्या वाट्याला काय आलं. वैयक्तिक संडासासाठी स्वच्छ भारत अभियानात पात्र घरांना १२ हजार रुपये मिळतात. ज्यांचं नाव राहिलं असेल त्यांनी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

हे कापून भिंतीला लावा

• १ ते २ वर्षं : अर्धी गोळी, चुरा करून. २ ते ३ वर्षं : पूर्ण गोळी, चुरा करून. ३ ते १९ वर्षं : पूर्ण गोळी, चावून.

• फेब्रुवारी आणि ऑगस्ट, दोन्ही वेळा. शाळेत नसलेल्यांनाही, परगावी असलेल्यांनाही.

• आजारी मुलाला बरं झाल्यावर. फिट येणाऱ्या मुलाबद्दल आधी सांगा.

• शौचातून जंत पडलेला दिसला नाही म्हणजे गोळी वाया गेली असं नाही. बारीक जंत दिसत नाहीत.

• परसाकडे जाताना, वावरात आणि ओल्या मातीत पायात चप्पल हवीच.

• शौचानंतर आणि जेवणाआधी साबणाने हात. आठवड्याला नखं काढा.

• कच्ची भाजी, गाजर, मुळा, काकडी चांगल्या पाण्यात धुऊनच खा.

• लहान बाळाचं शौच अंगणात किंवा उकिरड्यावर टाकू नका, संडासात टाका. संडास नसेल तर खड्डा करून बुजवा.

• दोन्ही गोळ्या घेऊनही लेकरू पांढरं दिसत असेल तर सरकारी दवाखान्यात रक्त आणि शौच दोन्ही तपासा.